शेवटच्या एसटीआधीची हॉकी

१४ सप्टेंबरचा रविवार तुम्हाला आठवतच असेल. रात्री दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेटचा सामना होता. हस्तांदोलन झालं की नाही, करायला हवं होतं की नको, यावर आपण सगळ्यांनी पुढचे चार दिवस स्टेटस ठेवले. त्याच रविवारी चीनमध्ये हांगझोऊला भारताच्या मुली हॉकीच्या आशिया कपची फायनल खेळत होत्या. ती आठवतेय का? खरं सांगा. माझ्याही लक्षात राहिली नसती. पण माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला आणि ती थेट ओरडलीच, "अगं, पेपरात कामाला हाईस ना तू? मग मॅच कोण बघायची?"

मी तेव्हा सुट्टीला गावी आले होते. माझं गाव केम. करमाळा तालुक्यातलं, सोलापूर-दौंड रेल्वेमार्गावरचं. गाडीने जाताना तुम्ही स्टेशनची पाटी वाचली असेल आणि दुसऱ्या मिनिटाला विसरलाही असाल. पण तुमच्या घरातल्या देव्हाऱ्यात केम असण्याची शक्यता बरीच आहे, कारण आमच्या गावचं कुंकू लांब लांब जातं. घटस्थापना आठवड्यावर आली होती, म्हणजे कुंकवाच्या कामाचे ऐन दिवस. मैत्रीण पॅकिंगच्या कामावरून तशीच आली होती. तिने माझा मोबाइल हातात घेतला आणि स्क्रीनच्या कडेला तिची लाल बोटं उमटली. आम्ही ओट्यावर बसून मॅच बघितली.

पहिल्याच मिनिटात नवनीत कौरने गोल केला. आम्ही दोघी एवढ्या जोरात ओरडलो की माझी आजी दारात आली आणि विचारती झाली, "कुणाला काय झालं?" पुढे चीनने चार गोल केले. १-४. भारताला रौप्यपदक. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "फायनलपर्यंत पोचल्या हेच खूप." मैत्रिणीने मान हलवली. "खूप काय? दुसऱ्या हाफात दमल्या त्या. मधली फळी फुटली. बघ, बॉल गेला की मागं पळायला उशीर होतोय." मला बॉल दिसत होता. तिला मैदान दिसत होतं.

ते तिला दिसणारच. ती आमच्या शाळेच्या हॉकी टीमची सेंटर हाफ होती. आणि आज हा लेख मी तिच्यामुळेच लिहितेय.

पहिला गोल, शेवटचा गोल

फायनलच्या चार दिवस आधीची, १० सप्टेंबरची मॅच बघा. भारत विरुद्ध कोरिया, आपण ४-२ ने जिंकलो. दुसऱ्या मिनिटाला पहिला गोल कुणाचा? वैष्णवी विठ्ठल फाळके. ५९व्या मिनिटाला, म्हणजे मॅच संपायला एक मिनिट उरलेलं असताना, चौथा गोल कुणाचा? ऋतुजा दादासो पिसाळ. दोघीही सातारा जिल्ह्यातल्या. भारताच्या मॅचमधला पहिला आणि शेवटचा गोल आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या पोरींनी मारला आणि आपल्याला, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांना, पत्ता नाही.

वैष्णवी फलटण तालुक्यातल्या आसू गावची. केमहून आसूला जायचं तर वाटेत भीमा लागते, मग नीरा. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. इतकं ते जवळ आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत ज्युनिअर वर्ल्ड कप झाला, त्यात भारत चौथा आला. त्या संघात वैष्णवी होती आणि तिच्यासोबत फलटण तालुक्यातल्याच वाखरीची अक्षता आबासो ढेकळे होती. म्हणजे देशाच्या संघात एका तालुक्यातल्या दोघी! त्याच वर्षी डब्लिनला गेलेल्या तेवीस वर्षांखालच्या संघाची वैष्णवी कर्णधार होती. २०२३ मध्ये हांगझोऊलाच झालेल्या एशियन गेम्समध्ये भारताने जपानला २-१ ने हरवून ब्राँझ घेतलं, तेव्हाही ती संघात होती.

ऋतुजाचं ऐका. २०२५ मध्ये २६ जानेवारीला रांचीत महिलांच्या पहिल्यावहिल्या हॉकी इंडिया लीगची फायनल झाली. ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ ने हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे. त्या दिवशी आपण झेंडावंदनानंतर काय करत होतो, आठवून बघा.

एक गंमत सांगते. आपल्याकडे पूर्ण नाव लिहायचं तर मधे वडिलांचं नाव येतंच. हॉकीत ते तसंच नोंदवलं जातं. त्यामुळे चीन असो की युरोप, खेळाडूंच्या यादीत 'विठ्ठल' असतो. माझी आजी हे ऐकून म्हणाली, "पंढरपूर सोडून पांडुरंग तिकडं कुठं गेला?" तिला म्हटलं, लेकीबरोबर गेलाय.

पण ही नावं वाचून मला आनंदाबरोबर थोडा रागही आला. राग त्यांचा अजिबात नाही. प्रश्न साधा आहे. फलटणच्या मुलींना जे जमलं, ते आमच्या टीमला का नाही जमलं? आसूत आणि केममध्ये माती वेगळी आहे का? ऊस तिकडे आहे, इकडेही आहे. शेतकरी घरं तिकडे, इकडेही. भाकरी तीच. मग?

कुणीच नाही म्हणालं नाही

आमच्या शाळेत एक पीटीचे सर होते. त्यांनी कुठून तरी जुन्या बारा स्टिका आणल्या होत्या. त्यातल्या तीन दोरी गुंडाळलेल्या. आमचं मैदान मुरमाचं. त्यावर बॉल सरळ येतच नाही. खड्याला लागला की उडतो, गुडघ्याला लागतो. हॉकीचा बॉल दीडशे ग्रॅमच्या वर भरतो आणि दगडासारखा टणक असतो. पायाला गार्ड नव्हते, तेव्हा आम्ही मोज्यात पुठ्ठे घालायचो. मी खेळाडू म्हणून यथातथाच. पण माझी मैत्रीण! ती बॉल अडवायची, मान वर करायची, कोण मोकळं आहे ते बघायची आणि मगच पास द्यायची. सर म्हणायचे, "हिला डोळे मागे पण आहेत." दहावीच्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत खेळलो. दुसऱ्या फेरीत हरलो, पण घरी येताना गाडीत आमच्याइतकं मोठ्याने कुणीच गात नव्हतं.

मग अकरावी. आम्ही दोघींनी तालुक्याच्या वाटेवरच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांचं कॉलेज तसंच आहे. कॉलेजला मैदान होतं, जिमखाना होता, प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना फी होती. खेळाची वेळ होती संध्याकाळी पाच ते साडेसहा. आमच्या बाजूची शेवटची एसटी होती पावणेसहाला.

एवढंच. गोष्ट एवढीच आहे.

कुणी आम्हाला "मुलींनी खेळायचं नाही" असं म्हणालं नाही. घरच्यांनी अडवलं नाही. सर, मॅडम कुणी वाईट नव्हते. पण मैदानावर अर्धा तास राहायचं आणि मग एसटीमागे धावायचं, हे एक महिना चाललं. एकदा एसटी चुकली, काकांना दूध घालायचं सोडून गाडी घेऊन यावं लागलं. दुसऱ्यांदा चुकली तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागलं. सात मुली होतो, चार झालो, मग दोन. आम्ही अर्ज दिला की मुलींना सकाळी आठ ते नऊ मैदान द्या. उत्तर आलं, "मुलींची संख्या फार कमी आहे, त्यासाठी स्वतंत्र वेळ देता येणार नाही."

आता हे उत्तर दोनदा वाचा. वेळ गैरसोयीची म्हणून मुली कमी. आणि मुली कमी म्हणून वेळ बदलायची नाही. हा बैल घाण्याला जुंपल्यासारखा गोल गोल फिरतो आणि वर्षाच्या शेवटी अहवालात लिहिलं जातं की विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प.

मी पुढे सोलापूरला मासकॉमला आले. मैत्रिणीचं बारावीनंतर शिक्षण थांबलं, लग्न झालं, सासर गावातच. ती दुःखी वगैरे आहे असं चित्र मी रंगवणार नाही. तिला ते आवडणार नाही. ती कमावते, नवऱ्याला गाडीचे हप्ते भरायला मदत करते आणि मॅच बघताना माझ्यापेक्षा जास्त शिव्या देते. पण ती बावीस वर्षांची आहे. वैष्णवीही साधारण त्याच वयाची. ही तुलना मी करायची नाही असं ठरवलं होतं. शेवटी ती तिनेच केली, मोबाइल परत देताना. "माझ्याच वयाची हाय ना गं ही?" एवढंच म्हणाली आणि कामावर गेली.

फलटणला काय होतं?

मग मी शोधायला लागले. फलटणला काय जादू आहे? वाचलं, विचारलं, आणि उत्तर फार साधं निघालं. जादू नाही. तिथे शाळेच्या वयात हॉकी हातात येते. पुढे संधी मिळाली तर पुण्यात बालेवाडीला राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. तिथे राहायचं, शिकायचं, खेळायचं. या मुली त्या वाटेने गेल्या. म्हणजे दोन टप्पे. पहिला टप्पा गावाजवळ, दुसरा पुण्यात. आणि दोन्हींच्या मधे पायरी तुटलेली नाही.

बालेवाडीचा टर्फ महत्त्वाचा आहेच. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली आणि खेळच बदलला. टर्फवर बॉल सरपटत, वेगाने आणि सरळ येतो. मुरमावर शिकलेल्या हाताला तो वेग नवा असतो. टर्फ घालायला कोट्यवधी रुपये लागतात, तो प्रत्येक तालुक्यात होणार नाही, हे मलाही कळतं. पण मुलगी टर्फपर्यंत पोचायच्या आधी चार-पाच वर्षं कुठे तरी खेळते ना? ती चार-पाच वर्षं कुठलं मैदान, कुठली वेळ, कुठले सर, हा खरा प्रश्न. आपण टर्फ नाही म्हणून रडतो आणि सकाळी आठ ते नऊची वेळ मात्र देत नाही. तिला तर एक रुपयाही लागत नाही.

दुसरं उदाहरण झारखंडचं. भारताची कर्णधार सलीमा टेटे सिमडेगा जिल्ह्यातल्या बडकीछापर गावची. त्या भागात गावोगावी हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या टीमला बक्षीस म्हणून चक्क बकरा मिळतो. 'खस्सी' स्पर्धा म्हणतात त्याला. जिंकायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं! आपल्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडासारखंच झालं हे. फरक इतकाच की तिथे त्या फडात मुलीही उतरतात आणि अख्खं गाव बघायला येतं. मुलगी मैदानावर दिसण्याची गावाला सवय आहे. ही सवय कुठल्याही सरकारी योजनेतून विकत आणता येत नाही.

ही वाट जुनी आहे

कुणी म्हणेल, हॉकी आपला खेळच नाही. आपला खो-खो, कबड्डी, कुस्ती. खो-खोचं म्हणाल तर मान्य. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार आपली प्रियांका इंगळे होती. पण हॉकी आपली नाही, हे चूक.

महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली १९८० ला, मॉस्कोत. अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता, सहाच संघ होते. भारताने ऑस्ट्रियाला आणि पोलंडला हरवलं, सुवर्ण जिंकणाऱ्या झिम्बाब्वेला १-१ असं रोखलं आणि चौथा क्रमांक मिळवला. त्या संघात पुण्याच्या रेखा मुंडफन होत्या, नंतरच्या रेखा भिडे. पुण्यातच जन्मलेल्या एलायझा नेल्सन होत्या. दोन वर्षांनी, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारताने सुवर्ण जिंकलं. कर्णधार होत्या याच एलायझा नेल्सन. म्हणजे आपल्या आज्या-मावश्यांच्या पिढीने ही वाट पाडलेली आहे. मधे तिच्यावर गवत उगवलं, हा दोष वाटेचा नाही.

किती गवत? मॉस्कोनंतर भारताच्या मुलींना पुढचं ऑलिंपिक खेळायला छत्तीस वर्षं लागली. २०१६ ला रिओत गेलो आणि शेवटचे आलो. मग २०२१ मध्ये झालेलं टोकियो. पहिल्या तीनही मॅच हरल्यानंतर आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवलं, आणि २ ऑगस्टला क्वार्टर फायनलमध्ये गुरजीत कौरच्या एका पेनल्टी कॉर्नरवर ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. ब्राँझची मॅच ग्रेट ब्रिटनकडून ३-४ ने गेली. तेव्हा आपण सगळे रडलो, आठवतंय? पण त्याच दिवसांत वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर जाऊन तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली, हेही आठवायला हवं. तिने त्याच ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक केली होती. पोरगी देशासाठी खेळते तेव्हा ती देशाची लेक. मॅच हरली की मग तिची जात निघते.

कौतुकाचा ढोल थोडा हळू

मैत्रिणीच्या शेऱ्यावर परत येते. "फायनलपर्यंत पोचल्या हेच खूप" हे वाक्य आपण मुलींच्या खेळाबद्दल फार सहज बोलतो. त्यात माया असते, पण अपेक्षा नसते. पुरुषांचा संघ याच सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया कप जिंकला, तो हरला असता तर आपण असं बोललो असतो का? चुका काढल्या असत्या. चुका काढणं हाही मान देण्याचाच प्रकार आहे.

तर चुका बघूया. टोकियोत चौथा आलेला आपला संघ पॅरिसला गेलाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये पात्रता स्पर्धा रांचीत, आपल्या घरी होती. जपानकडून ०-१ ने हरलो आणि तिकीट गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी राजगीरला चीनला १-० ने हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. मग २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगमध्ये नऊ संघांत शेवटचे आलो आणि खालच्या गटात ढकलले गेलो. आता आशिया कपमध्ये रौप्य. सुवर्ण मिळालं असतं तर २०२६ च्या वर्ल्ड कपची जागा थेट मिळाली असती. वर, खाली, वर, खाली. यात्रेतल्या पाळण्यासारखं.

याला कारणं अनेक आहेत. या वेळी सविता आणि दीपिका दोघी दुखापतीमुळे नव्हत्या, हे एक कारण. पण दोन खेळाडू नसल्या की संघ डगमगतो, याचाच अर्थ मागे उभी असलेली रांग लहान आहे. हरियाणा, झारखंड, ओडिशा, मणिपूर, मिझोराम. बहुतेक खेळाडू या पाच-सहा राज्यांतून येतात. आशिया कपच्या वीस जणींत महाराष्ट्राच्या दोघी, आणि त्या दोघी एकाच जिल्ह्यातल्या. बाकी पस्तीस जिल्हे काय करतायत? चीनसमोर चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात, त्याचं मूळ हांगझोऊत नाही. ते आमच्या कॉलेजच्या वेळापत्रकात आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण अशी हजार वेळापत्रकं एकत्र केली की देशाची रांग तयार होते.

मग करायचं काय?

मला माहितीये, या पानावर आपण दर आठवड्याला काही ना काही 'करायला हवं' म्हणून लिहितो आणि सोमवारी विसरतो. म्हणून लहानच गोष्टी सांगते.

एक. तुमच्या प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना फी आहे. ती तुम्ही भरलीय. जिमखाना प्रमुखांकडे जा आणि नम्रपणे विचारा की मुलींसाठी मैदानाची वेळ कोणती आहे आणि ती शेवटच्या एसटीच्या आधी संपते का. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आम्ही पोच घेतली नव्हती. आमची ती चूक झाली.

दोन. हा अर्ज मुलांनीही द्यावा. हो, मुलांनीच. "आम्ही आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळचं मैदान सोडतो" असं क्रिकेट टीमच्या कॅप्टनने लिहून दिलं तर 'संख्या कमी' हे उत्तर कुणालाच देता येणार नाही. तुमच्या बहिणीला फोनवर रील पाठवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण उपयोगी आहे.

तीन. अकरा मुली नाहीत? पाच तर असतील. हॉकीत आता 'हॉकी फाइव्ह्ज' नावाचा पाच-पाच जणींचा प्रकार आहे. मैदान लहान, वेळ कमी. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला त्याचा पहिला वर्ल्ड कप झाला. भारताच्या मुली फायनलला गेल्या, नेदरलँड्सकडून २-७ ने हरल्या. आपल्या दोन गोलांपैकी एक ऋतुजा पिसाळचा होता, आणि अक्षता ढेकळेही त्या संघात होती. म्हणजे आपल्याकडच्या पोरींनी हाही रस्ता चालून दाखवलाय. गावच्या शाळेच्या मैदानात हे सहज बसतं. जत्रेत कुस्तीचा फड लागतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी मुलींच्या चार टीमची हॉकी का नको? बक्षीस म्हणून बकरा नको असेल तर साडी-चोळी नको, बूट द्या. खेळाडूला बूट लागतात.

चार. बघायला जा. तुमच्या कॉलेजच्या मुलींची मॅच असेल तेव्हा कठड्यावर बसून टोमणे मारायला जाऊ नका. बघायला जा आणि पूर्ण मॅच बघा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, मधे विश्रांती धरून दीड तासाच्या आत संपते. क्रिकेटपेक्षा स्वस्तात सुटाल.

पाचवी गोष्ट आमच्यासाठी, म्हणजे बातम्या लिहिणाऱ्यांसाठी. इंटर्न म्हणून रुजू झाल्यापासून मी क्रीडा पानासाठी बऱ्याच ओळी टाइप केल्या. त्यात मुलींच्या तालुका पातळीवरच्या खेळाची एकही नाही. कुणी छापू नका म्हणालं नव्हतं. मीच पाठवली नाही. म्हणजे माझ्याही टेबलावर तोच घाण्याचा बैल फिरत होता. वाचक कमी म्हणून बातमी नाही, बातमी नाही म्हणून वाचक कमी. यापुढे पाठवीन. पान छोटं असलं तरी चार ओळी बसतात.

२०२६ च्या सप्टेंबरमध्ये जपानला एशियन गेम्स आहेत. तिथे सुवर्ण जिंकलं की थेट २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं दार उघडतं. तेव्हा आपण सगळे पुन्हा झेंडे लावू, 'म्हाराष्ट्राच्या लेकी' म्हणून पोस्ट टाकू. टाका, जरूर टाका. फक्त त्याआधी एकदा आपल्या कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी पाच वाजता किती मुली आहेत ते मोजा. आणि पावणेसहाला किती उरतात, तेही.

सोलापूरला परत निघायच्या आदल्या दिवशी मी आणि मैत्रीण शाळेच्या मैदानाकडे चक्कर मारून आलो. पावसाने अर्ध्या मैदानात पाणी साचलेलं. सर बदलून गेलेत. स्टोअररूमच्या कोपऱ्यात स्टिका अजून आहेत, सात उरल्यात, एकीची दोरी सुटलेली. शिपाईमामा ओळखीचे, त्यांनी काढून दिल्या. कोरड्या बाजूला सातवीतल्या तीन-चार मुली लंगडी खेळत होत्या. त्या बघत उभ्या राहिल्या.

मैत्रिणीने साडीचा पदर खोचला आणि एका पोरीच्या हातात स्टिक दिली. "असं न्हाई. डावा हात वर. आन् मान खाली घालू नको, बॉल कुठं पळून जात न्हाई. आधी बघ, कोण मोकळं हाय."

मी घड्याळ बघितलं. पावणेसहा होत आले होते. एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्या मुलींपैकी कुणालाच ती पकडायची नव्हती. त्यांची घरं गावातच होती.

रविवारी सकाळी आठ ते नऊ, असं तिने त्यांना सांगितलंय. मुख्याध्यापकांना अर्ज मी लिहून दिलाय. या वेळी पोच घेतलीय.